भित्रे नाना आणि पुढचं उजवं चाक

धुळ्यात आग्रा रोडला लागून नानांचं गॅरेज होतं. तिथे गाडी घेऊन येणाऱ्याला नाना 'काय झालं?' असं कधीच विचारत नसत. बोनेटला हात लावण्याआधी ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत आणि अहिराणीत विचारत, "भेव कवय वाटनं?" म्हणजे, भीती केव्हा वाटली? नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. जुनं गिऱ्हाईक मुकाट्याने सांगू लागायचं, की रेल्वे फाटकापाशी वाटली, किंवा बायको-पोरं गाडीत होती तेव्हा वाटली. एकदा एका ट्रकवाल्याने मिशीला पीळ देऊन सांगितलं, "नाना, आपल्याला भीती ही चीजच ठाऊक नाही." नाना हात पुसत म्हणाले, "मंग जाय भो. वाटी तवय ये." म्हणजे, वाटेल तेव्हा ये. आणि खरंच त्यांनी त्याच्या ट्रकला हात लावला नाही.

बाजारात सगळे त्यांना भित्रे नाना म्हणत. तोंडावरही म्हणत. नाना फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिनाची तक्रार घेऊन आलेल्याला शेजारच्या मिस्त्रीकडे पाठवायचे. "इंजिन बंद पडलं तर माणूस घरी उशिरा जातो," ते म्हणायचे. "ब्रेक गेला तर जातच नाही." गॅरेजची फरशी परातीसारखी सपाट होती, तरी आत आलेल्या गाडीच्या चारी चाकांना दगड लागायचे. पांझरा नदीच्या पात्रातून निवडून आणलेले, हाताळून काळे झालेले दगड. कुणी त्यातला एखादा पायाने बाजूला सरकवला, तर एरवी हळू बोलणारे नाना असे किंचाळायचे की समोरचा चहावाला गाळणी टाकून बघायला यायचा.

या भीतीमागे काय होतं, याच्या गावात दोन-तीन गोष्टी होत्या. कुणी म्हणे ते तरुणपणी ट्रक चालवायचे आणि लळिंगच्या उतारावर काहीतरी घडलं. कुणी म्हणे भाऊ गेला. मी एकदा धीर करून विचारलं. नाना माझ्याशी बोलताना मराठीत सुरुवात करत आणि घाबरले की अहिराणीत उतरत. त्या दिवशी ते सरळ अहिराणीतच बोलले. "कारण कसाले जोयजे? इतलं लोखंड पयस, आनि आपन त्यामा बठतस. हाई कारण पुरत नही?" कारण कशाला हवं? एवढं लोखंड पळतं आणि आपण त्यात बसतो, हे कारण पुरत नाही का? मला पुरलं. मी पुन्हा विचारलं नाही.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, पुढे स्टिअरिंग हातात आलं, आणि वयाच्या पंचविशीत धुळ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. आमच्याकडच्या लाल मातीतून उठून या काळ्या, सपाट मुलखात आलो तेव्हा मला प्रत्येक गोष्टीची धास्ती वाटायची. भाषा कळायची नाही. कुणी मोठ्याने बोललं की मलाच बोलतंय असं वाटायचं. शेठनी हाक मारली की मी चप्पल विसरून धावायचो. नोकरी गेली तर इथून कुठे जायचं, हे मला माहीत नव्हतं. सगळं गाव नानांना हसायचं तेव्हा मला हसू येत नसे. मला वाटायचं, चला, या गावात आपल्या जातकुळीचं कुणीतरी आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेठनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून परदेशी गाडी विकत घेतली. तिच्या ब्रेकला एबीएस होतं, म्हणजे कितीही गच्च ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही आणि गाडी घसरत नाही. शेठ जिनिंगवर येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावून सांगायचे. मी ती गाडी चालवायचो, आणि चालवताना श्वास धरून बसायचो.

एक दिवस पारोळा चौफुलीवर मी सावकाश डावीकडे वळत होतो. समोर एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता, म्हणून ब्रेक दाबला. पायाखालचं पेडल थडथडायला लागलं, जणू आतून कुणी लाथा मारतंय. गाडी थांबेना. मी दाबतोय, पेडल मला ढकलतंय, आणि गाडी म्हाताऱ्याकडे चालली आहे. बंपर सायकलच्या मागच्या चाकाला लागला. म्हातारा खाली बसला, त्याच्या पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा रस्त्याभर झाल्या. डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा पेटला होता. म्हाताऱ्याला लागलं नव्हतं. मी शेंगा वेचत होतो आणि तो मला अहिराणीत शिव्या देत होता. घाबरल्यामुळे मला एकही कळत नव्हती. मी प्रत्येकीला "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत होतो.

इंजिन बंद करून चालू केलं तर दिवा गेला. शेठनी स्वतः गाडी सोनगीरपर्यंत नेऊन आणली. हायवे सरळ, ठिकठिकाणी ब्रेक मारून बघितले. परत येऊन किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "गाडी लोण्यासारखी थांबते. तुझ्या पायात काहीतरी आहे." त्यानंतर दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा शेठ गाडीत नव्हते.

मी माझ्या उजव्या पायाकडे बघायला लागलो. आंघोळ करताना, जेवायला बसताना. हा पाय आपला आहे का? हा घाबरून अर्धाच दाबतो का, आणि आपल्याला कळत नाही? शेठ वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या आईच्या, अक्कांच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. शस्त्रक्रिया औरंगाबादला ठरली होती. म्हणजे जाताना-येताना कन्नडचा घाट. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की येताना डोळ्याला गचका बसता कामा नये. जिनिंगच्या जीपमध्ये गचक्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. न्यायची तर हीच गाडी. मुंबईच्या वर्कशॉपने सांगितलं, गाडी पाठवा, सुटा भाग परदेशातून मागवावा लागेल, वेळ लागेल. शेठ दुसरा ड्रायव्हर शोधायला लागले. मला काढलं तर मी कुठे जाऊ, ही एक भीती. ठेवलं, आणि घाटात अक्का मागे असताना पेडल थडथडलं तर, ही दुसरी. दोष गाडीत आहे की माझ्या पायात, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी नानांकडे गेलो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी बांध फुटल्यासारखा बोलत सुटलो. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"सरळ जाताना वाटलं?"

"नाही."

"उजवीकडे वळताना?"

"नाही."

"मग?"

"डावीकडे वळताना. तिन्ही वेळा डावीकडेच." मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

नानांनी डोळे उघडले. "तुले भेव वाटनं ना? मंग गाडीमा काहीतरी शे. पाय उगाच भेत नही." गाडीत काहीतरी आहे, पाय उगाच भीत नाही.

मी तिथेच टायरवर बसलो. इतक्या दिवसांत सगळ्यांनी माझ्या भीतीला दोष दिला होता. या माणसाने तिची साक्ष मानली.

पण असली गाडी नानांनीही कधी उघडली नव्हती. ब्रेकला स्वतःचं डोकं असतं, हेच त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी निरोप धाडला, "शेठले सांग, गाडीनं पुस्तक लई या आनि वाची दखाडा. माले इंग्रजी येत नही." शेठ कुरकुरत आले, पण आले, कारण अक्कांची तारीख जवळ आली होती. पत्र्याच्या उलट्या डब्यावर बसून त्यांनी पुस्तक वाचलं, आणि चांगलं समजावलं. प्रत्येक चाकाशी एक दातेरी कडं असतं. त्याच्या समोर चुंबक आणि तारेचं वेटोळं बसवलेलं असतं, तोच सेन्सर. चाक फिरलं, दाते समोरून गेले की वेटोळ्यात बारीक करंट येतो आणि तारेतून गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक डब्याला कळतं, की हे चाक एवढ्या वेगाने फिरतंय. ब्रेक दाबलेला असताना एखाद्या चाकाची खबर थांबली, तर डब्याला वाटतं चाक जाम झालं, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो.

"म्हणजे चाक फिरतंय," नाना म्हणाले, "पण खबर पोहोचली नाही, तर ते डोकं घाबरतं."

"तसंच समजा."

"आणि घाबरून ब्रेक सोडतं."

"हो."

नानांनी पहिल्यांदाच त्या गाडीकडे जरा मायेने पाहिलं. "हाई बी भित्री शे," ते म्हणाले.

मग काम सुरू झालं. एक चाक जॅकवर, बाकीच्यांना दगड. जॅक घसरेल म्हणून खाली लाकडाचा ठोकळा, ठोकळा मोडेल म्हणून शेजारी जुनं चाक. सेन्सरच्या तारेची जोडणी सोडवून नानांनी आपला काट्याचा मीटर लावला. मी चाक हाताने गरागरा फिरवायचं आणि त्यांनी काटा बघायचा. मागची दोन्ही चाकं: काटा थरथरला. पुढचं डावं: थरथरला. पुढचं उजवं: तिथेही थरथरला. शेठनी माझ्याकडे पाहिलं. झालं, म्हटलं, पायच आपला.

"थांब," नाना म्हणाले. "स्टिअरिंग डावीकडे वळव. पूर्ण. आता फिरव."

मी फिरवलं. काटा जागचा हलला नाही. चाक फिरतंय, काटा मेलेला. सरळ केलं, पुन्हा जिवंत. शेठ पांढऱ्या कपड्यांनिशी फरशीवर गुडघे टेकून वाकले. "परत दाखव," म्हणाले. परत दाखवलं. त्यांनी माझ्या पायाकडे एकदा बघितलं, आणि मान खाली घातली.

नानांनी टॉर्च घेऊन चाकाच्या आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "आत काहीतरी शे," ते कुजबुजले, साप असावा तसे. मग हात घालून हळूच चाचपलं. चिखलाने माखलेलं एक गाठोडं होतं: काळा दोरा, बिब्बा आणि गंजका खिळा. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते. दोऱ्याचं एक टोक सेन्सरच्या तारेला, दुसरं गाडीच्या सांगाड्यावरच्या पाइपला आवळून बांधलेलं. चाक डावीकडे वळलं की दोरा ताणला जायचा आणि तार ओढायचा. वरचं रबर शाबूत होतं, पण नानांनी चिमटीत धरून दाबलं तर ते एका जागी पोकळ लागलं. आतलं तांबं तुटलेलं. सरळ असताना टोकाला टोक टेकायचं. वळलं की सुटायचं.

"अक्का!" शेठ ओरडले. अक्कांनी बंपरला बांधलेलं असलं गाठोडं शेठनी पूर्वी दोनदा कापून टाकलं होतं. परदेशी गाडीला बिब्बा बघून पाहुणे हसले होते. आता त्यांनी कात्री मागितली. नानांनी ती दिली नाही. "बांधलं त्यांनी भिऊन ना? मग आधी त्यांना विचारू."

आम्ही घरी गेलो. अक्का ओट्यावर बसून तूर निवडत होत्या, डोळ्याने दिसत नव्हतं म्हणून बोटांनी. नाना खालच्या पायरीवर टेकले. शेठच्या आवाजावरूनच म्हातारीने ओळखलं आणि सूप बाजूला ठेवून तयार होऊन बसली, भांडायला.

"अक्का, लेक कापी टाकस म्हनीसन आत बांधं ना?" नानांनी विचारलं.

"मंग! त्याले बठ्ठा गावनी लाज."

"पन ड्रायव्हरनाच अंगना चाकले कसाले?"

अक्का थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "त्यानाच करता बांधं. मना लेकले मी शे, सून शे, बठ्ठं घर शे. त्या पोऱ्यानं आठे कोन शे? त्यानी नजर कोन काढी?"

माझ्या लेकाला मी आहे, सून आहे, सगळं घर आहे. त्या पोराचं इथे कोण आहे? त्याची नजर कोण काढणार? एवढी अहिराणी मला तोवर येत होती. मी ओट्याखाली चपलांपाशी उभा होतो. माझ्यासाठी भिणारं माणूस सावंतवाडीच्या अलीकडे कुणी असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आणि त्या मायेपायीच मी त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी घालणार होतो. दोन्ही एकदम कळल्यावर काय करायचं, ते मला आजही ठाऊक नाही. शेठ आत निघून गेले. गाठोडं नानांनी धुऊन स्टिअरिंगच्या खाली, जिथे एकही तार नव्हती तिथे, बांधून दिलं. नंतर ते शेठना दिसलं असणार. त्यांनी कापलं नाही.

तार नानांनी झाळून जोडली, वर नळी चढवली, डावीकडे वळवून वळवून काटा पाहिला. काटा बरोबर चालला. दुसरा कुणी असता तर पाठ थोपटून घेतली असती. नाना म्हणाले, "टाका मी घातलाय आणि काम करताना माझ्या हाताला घाम येत होता. घाटात मी याच्यावर विसंबणार नाही." नवा सेन्सर येईपर्यंत त्यांनी एबीएसचा फ्यूजच काढून ठेवला. आता डोकं झोपलेलं. पिवळा दिवा सतत पेटलेला राहणार, पण ब्रेक साधे, पायाचं ऐकणारे. "आता जे काही आहे ते तुझ्या पायात," ते मला म्हणाले.

निघायच्या दिवशी नाना पिशवी घेऊन दारात हजर.

"नाना, तुम्ही? घाटात?" शेठ थक्क झाले.

"इथे बसून भ्यायचं, ते तिथे बसून भितो," नाना म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. धुळ्यापासून औरंगाबादपर्यंत त्यांचे दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला टेकलेले होते. अक्कांची शस्त्रक्रिया होईपर्यंत ते तिथल्या आपल्या मेहुण्याकडे राहिले, आणि परत यायच्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन उभे.

घाट उतरताना मागे अक्का, डोळ्याला पट्टी, डोकं शेठच्या मांडीवर. एका वळणावर चढाला लागलेला केळीचा ट्रक मोडून पडला होता. रस्ता अर्धा अडलेला. दरीकडच्या अंगाने आमची गाडी जाईल एवढी वाट होती, पण उतार तीव्र, वळण डावं, आणि पूर्ण वेळ ब्रेकवर पाय ठेवून तसूतसूने उतरायचं. चाकापाशी कडा किती उरली आहे ते मला आतून दिसत नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी ब्रेक दाबून जागीच थांबलो. शेठना उठता येत नव्हतं.

नानांनी दार उघडलं. नाना कुठल्याही गाडीच्या समोरून जात नसत. बंद, उभ्या गाडीलाही ते मागून वळसा घालत. त्या दिवशी ते उतारावर माझ्या गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. आधी तोंड माझ्याकडे होतं, हाताने खुणा करत होते. पण कडा बघायची तर पुढे बघायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एक हात मागे धरून बोटं हलवली: ये.

मी पाय जरा सैल केला. गाडी सरकली. दाबला. थांबली. ते एक पाऊल पुढे गेले. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. बंपर आणि त्यांचा पायजमा यांच्यात वीतभर अंतर असेल. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी देवाचं नाव घेत नव्हतो, काही नाही. फक्त ती पाठ बघत होतो आणि पाय दाबत होतो. ट्रक मागे पडला तेव्हा अक्कांनी विचारलं, "काय व्हयनं रे?"

"काही नही," शेठ म्हणाले. "झोपी जा."

नाना येऊन बसले. चाळीसगावला चहा बशीत ओतताना त्यांनी सांगितलं, "तुना पाय चांगला शे."

पुढे नवा सेन्सर आला, नानांनी तो बसवला, फ्यूज परत लावला. अक्का त्या डोळ्याने बघायला लागल्या, तूर निवडताना बोटांची सवय मात्र गेली नाही. मी धुळ्यात आणखी काही वर्षं काढली. मग घरी आईची तब्येत बिघडली आणि मला कायमचं परत जावं लागलं. नाना गेल्याचं मला सावंतवाडीत बऱ्याच उशिराने, शेठच्या फोनवरून कळलं. झोपेत गेले म्हणे. ऐकून मला बरं वाटलं. जागेपणी त्यांना ते सोसलं नसतं.

धुळ्यातून कायमचं निघायच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो होतो. रस्ताभर ठरवत होतो काय बोलायचं ते. या परमुलखात तुम्ही माझ्या भीतीवर विश्वास ठेवलात, असं काहीसं. गॅरेजमध्ये नाना दिसेनात. एका जीपखालून त्यांचे पाय तेवढे बाहेर आले होते, टाचा भेगाळलेल्या, नखांत ग्रीस. मी फरशीवर बसलो आणि त्या पावलांवर डोकं ठेवलं.

"कोन शे रे?" नाना आतून किंचाळले, आणि दोन्ही पाय झटकन आत ओढून घेतले.